तांबड्या रश्श्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका, मग मटणाचा वास आला कुठून?

पेठेतली_सून

रविवारी आमच्या घरात पहिल्यांदाच असं झालं. आठ वर्षांच्या लेकीनं सासूबाईंनी केलेल्या तांबड्या रश्श्याची वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, "मी हा नाही खात. मी पाकिटातला खातो." (पोरगी कोल्हापूरची आहे, "खातो"च म्हणणार. पुणेकरांनी दुरुस्त करायला येऊ नये.) सासूबाई काही बोलल्या नाहीत. वाटी उचलली आणि स्वतःच प्यायल्या. मला तेवढंच लागलं.

चूक माझीच आहे. फेब्रुवारीत सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून स्वयंपाक माझ्याकडं, वर नोकरी. त्यामुळं यंदा उन्हाळ्यात आमची चटणी कांडायला डंकावर गेलीच नाही. मग 'कोल्हापुरी तांबडा रस्सा मसाला' अशी पाकिटं आणायला लागलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तीन कंपन्यांची आणली आणि तिन्हींच्या मागं जवळजवळ तेच छापलंय.

सोमवारी रात्री मुद्दाम एक पाकीट नुसत्या पाण्यात उकळून बघितलं. मटणाचा तुकडा नाही, हाडूक नाही. आणि घरभर मटण शिजल्याचा वास! शेजारच्या काकी दारात येऊन विचारतात, "काय गं, सोमवारी मटण?" पाकिटावर तर हिरवा ठिपका.

मग भिंग घेऊन बसलो. यादी अशी: मिरची पूड, मीठ, धने, माल्टोडेक्स्ट्रिन, सुकं खोबरं, साखर, कांदा पूड, लसूण पूड, हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन (सोया), यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, तीळ, मसाले, ॲसिडिटी रेग्युलेटर (३३०), फ्लेवर एन्हान्सर (६२७, ६३१), अँटिकेकिंग एजंट (५५१). खाली बारीक अक्षरांत, नेचर आयडेंटिकल फ्लेवरिंग सबस्टन्सेस. आणि पुढच्या बाजूला ठसठशीत: 'नो ॲडेड एमएसजी'.

यातलं मिरची, मीठ, खोबरं, तीळ मला कळतं. बाकीचं काय आहे आणि पोरीनं चार महिने खाल्लंय त्याचं काय, हे जाणकारांनी सांगावं. घाबरवू नका, आणि "काही होत नाही हो" असंही नको.

फुल्ल_नाद

आजिनोमोटो हाय त्यात, वैनी. विषय संपला. चीनमधी पण बंदी हाय त्याच्यावर. मेंदूच्या पेशी मरतात. पाकीट गटारात टाका.

कटवडा

गटारात नको, पंचगंगेला आधीच कमी त्रास नाही.

बॅच_नंबर_७

फुल्ल_नाद, चीनमध्ये बंदी नाही. जगात सगळ्यात जास्त एमएसजी (मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे हेच आजिनोमोटो) तिथंच तयार होतं आणि तिथंच खाल्लं जातं. तो फॉरवर्ड आमच्या कारखान्याच्या ग्रुपवर पण वर्षातनं दोनदा येतो.

वैनी, मी गोकुळ शिरगावात एका सीझनिंगच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. तुमचं पाकीट आमचं असेल किंवा नसेल, यादी मात्र अगदी ओळखीची वाटली. जरा लांबण लावतो.

रस्सा पिताना मटण आपल्याला दोन वाटांनी कळतं, जिभेवरच्या चवीनं आणि नाकातल्या वासानं. पाकिटात या दोन्हींची वेगवेगळी सोय केलेली असते.

आधी चव. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं. गोड-आंबट-खारट-कडू यांत न बसणाऱ्या त्या चवीला त्यानं उमामी म्हटलं, आणि पुढच्याच वर्षी आजिनोमोटो बाजारात आलं. १९१३ मध्ये कोदामा यांना सुकवलेल्या माशात इनोसिनेट सापडलं. पुढं १९५० च्या दशकात कुनिनाका यांनी ग्वानिलेटचा अभ्यास केला आणि खरी गंमत लक्षात आणून दिली, की ग्लुटामेटबरोबर यातलं चिमूटभर जरी असलं तरी चव कित्येक पटींनी चढते.

तुमच्या पाकिटावरचा ६२७ म्हणजे डायसोडियम ग्वानिलेट, ६३१ म्हणजे डायसोडियम इनोसिनेट. एमएसजी स्वतः ६२१. आता हे बघा: ६२७ आणि ६३१ एकटे घालून फारसा उपयोग नाही, जोडीला ग्लुटामेट लागतंच. ही दोन्ही महागडी आहेत, कोणी उगाच टाकत नाही. म्हणून ज्या पाकिटावर ६२७-६३१ आहे आणि वर 'नो ॲडेड एमएसजी' पण आहे, तिथं ग्लुटामेट कुठल्या नावानं आत बसलंय ते शोधायचं. तुमच्या यादीत ते दोन ठिकाणी बसलंय.

हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन म्हणजे सोयाबीन, गहू किंवा शेंगदाण्याचं प्रोटीन ॲसिडमध्ये तासन्‌तास उकळायचं. प्रोटीन तुटून अमिनो आम्लं सुटी होतात, त्यात ग्लुटामिक आम्ल भरपूर. मग ॲसिड मारायला सोडियमचा क्षार किंवा कॉस्टिक टाकतात. म्हणजे सोडियम ग्लुटामेट झालं आणि वर साधं मीठही झालं. कागदोपत्री एमएसजी 'घातलेलं' नाही, ते टाकीत तयार झालं! यीस्ट एक्स्ट्रॅक्टचं तेच. बेकरीत वापरतात ते यीस्ट स्वतःच्या एन्झाइमनं फुटू द्यायचं आणि आतला रस आटवायचा. त्यात ग्लुटामेट पण आणि न्यूक्लिओटाइड (६२७-६३१ च्या जातीचे) पण.

वासाचं वेगळं. सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल आणि झायलोजसारखी साखर एकत्र तापवली की भाजलेल्या, शिजलेल्या मांसाचा वास तयार होतो. तव्यावर खोबरं-कांदा भाजताना जी प्रक्रिया होते तीच, लुई कामीय मेलार या फ्रेंच माणसानं १९१२ मध्ये मांडलेली, फक्त इथं रिॲक्टरमध्ये हवी तशी वळवलेली. बोकड या सगळ्यात कुठंच येत नाही. म्हणून हिरवा ठिपका खरा आहे आणि वासही खरा आहे.

माल्टोडेक्स्ट्रिन हे या वासाचं गाठोडं. फ्लेवर मुळात तेलकट किंवा द्रव, उडून जाणारा. तो माल्टोडेक्स्ट्रिनच्या पाण्यात घोटून गरम हवेत फवारून वाळवला की पूड मिळते. गरम पाण्यात पडली की गाठोडं सुटतं, म्हणून पहिल्या उकळीला काकी दारात.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

आम्ही जैन. ६३१ माशापासून करतात असं ऐकलंय. आमच्याकडं मुलं मसाला चिप्स खातात, त्यावर हा नंबर असतोच. आता काय करावं?

बॅच_नंबर_७

दोन्ही तऱ्हेनं होतं, दादा. मासे-मांसापासून काढता येतं, आणि टॅपिओकाच्या स्टार्चपासून किंवा साखरेपासून आंबवूनही करता येतं. आमच्याकडं येतं ते आंबवलेलं. नंबर एकच, त्यामुळं नंबरावरून कळत नाही. भारतातला नियम असा की दूध, मध असे ठरलेले अपवाद सोडून प्राण्यापासून आलेला कुठलाही घटक असेल तर मांसाहाराची खूण लावायलाच पाहिजे. पूर्वी तपकिरी ठिपका होता, आता तपकिरी त्रिकोण. तर हिरव्या ठिपक्याच्या पाकिटातलं ६३१ माशाचं नसावं. परदेशातून आणलेल्या चॉकलेट-चिप्सवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

कांदा-लसूण पूड मात्र जवळपास प्रत्येक सीझनिंगमध्ये असते. ते तुम्हाला जास्त अडचणीचं.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

ते मुलांना सांगू नका, एवढीच विनंती.

वोक_भाऊ

आमचा चायनीजचा गाडा हाय. नाव-पत्ता सांगत नाही, नाहीतर उद्या सगळे भिंग घेऊन येतील. लक्ष्मीपुरीत आजिनोमोटो किलोवर मिळतं, आणि मी घालतो, लपवत नाही. एका प्लेटला चिमूट. कस्टमर विचारतं, "भाऊ, आजिनोमोटो नको." मी म्हणतो, बरं. मग सोया सॉस, चिली सॉस, चिकन पावडर टाकतो. खाऊन म्हणतं, "बघा, त्याच्याशिवाय किती भारी लागतंय!" आता चिकन पावडरच्या डब्यावर पहिल्या चारात काय लिहिलंय ते मी त्याला कशाला वाचून दाखवू?

रंकाळाकाठ

शहरात गेली एकवीस वर्षं दवाखाना आहे, मेडिसिनचा. आठवड्याला एक तरी पेशंट "डॉक्टर, मला आजिनोमोटोची ॲलर्जी आहे" म्हणून येतो. म्हणून जरा सविस्तर.

ही भीती आली कुठून ते आधी. १९६८ मध्ये रॉबर्ट हो मान क्वोक या अमेरिकेत राहणाऱ्या डॉक्टरनं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनला पत्र लिहिलं, की चिनी हॉटेलात जेवलं की मानेमागं बधिरपणा, अशक्तपणा, धडधड होते. कारण काय असावं याचे त्यानं स्वतःच अंदाज केले होते: सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, एमएसजी, जास्त मीठ. जर्नलनं वर मथळा दिला 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम' आणि संशयितांपैकी एकच लोकांच्या लक्षात राहिला. पुढच्याच वर्षी जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांना त्वचेखाली एमएसजीची इंजेक्शनं दिली आणि मेंदूला इजा दिसली. फुल्ल_नादचा फॉरवर्ड इथून निघालाय. पण इंजेक्शन वेगळं आणि जेवण वेगळं. अन्नातलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात. टोमॅटोत ते आहे, मुरलेल्या चीजमध्ये भरपूर आहे, आईच्या दुधातही आहे.

२००० साली अमेरिकेत १३० अशा लोकांवर चाचणी झाली, जे स्वतःच म्हणत होते की आम्हाला एमएसजीचा त्रास होतो. कुणाला एमएसजी दिलंय आणि कुणाला नुसतंच काही, हे देणाऱ्यालाही माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. ५ ग्रॅमपर्यंत, रिकाम्या पोटी. काहींना त्रास झाला, पण त्याच माणसाला पुन्हा दिल्यावर तोच त्रास होईल असं दिसलं नाही. अन्नाबरोबर दिल्यावर तर आणखी कमी. म्हणजे काही जणांना मोठ्या मात्रेनं, उपाशीपोटी, थोडा वेळ डोकं दुखणं वगैरे होऊ शकतं, हे मी नाकारत नाही. ज्याला होतं त्यानं टाळावं. पण विष म्हणण्यासारखं काही हाती लागलेलं नाही.

तरीही सगळं निर्धास्त आहे असं नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१७ मध्ये ग्लुटामेटला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली. वैनी, तुमची मुलगी २२-२४ किलोची असेल तर दिवसाला साधारण ७०० मिलिग्रॅम. एक पाकीट नूडल्स, संध्याकाळी मसाला चिप्स, रात्री पाकिटातला रस्सा, एवढ्यात लहान मूल ही रेषा ओलांडू शकतं. रेषेपलीकडं लगेच काही घडतं असं नव्हे, मर्यादा मुद्दाम बरीच अलीकडं आखलेली असते. एक वर्षाखालच्या बाळांना मात्र देऊच नये, आपल्याकडं एमएसजी घातलेल्या पाकिटावर तशी सूचना छापावी लागते.

ज्यांना गाऊट आहे त्यांनी ६२७-६३१ लक्षात ठेवावेत. दोन्ही प्युरिनच्या घरातले, शेवटी त्यांचं युरिक ॲसिड होतं. मात्रा थोडी असते, पण पायाचा अंगठा सुजलेल्या माणसानं मटण सोडायचं आणि मसाला चिप्सची पाकिटं फोडत बसायचं, हे मी पाहिलंय.

माझा खरा राग मिठावर आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पाकिटामागं सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, त्याला अडीचनं गुणा म्हणजे मीठ मिळेल. आकडा बघून इथं टाका.

पेठेतली_सून

१०० ग्रॅममागे ९,८०० मिलिग्रॅम सोडियम.

रंकाळाकाठ

म्हणजे साडेचोवीस ग्रॅम मीठ. पाकिटाचा चौथा हिस्सा तुम्ही मिठासाठी पैसे मोजलेत. एका माणसाला १० ग्रॅम मसाला धरला तरी जवळपास अडीच ग्रॅम मीठ, म्हणजे दिवसाचा निम्मा कोटा एका वाटीत, भाकरी-भात-लोणचं वेगळंच. एमएसजीत सोडियम वजनाच्या साधारण १२ टक्के, मिठात ३९ टक्के. चिडायचंच असेल तर मिठावर चिडा.

पुण्यात_अडकलेला

डॉक्टर, एक शंका. ६२१ ला नंबर आहे, ६३१ ला आहे. पण 'नेचर आयडेंटिकल फ्लेवरिंग सबस्टन्सेस' या चार शब्दांच्या आत काय आहे? त्याला नंबर का नाही? मला तरी लपवाछपवी तिथंच वाटते.

बॅच_नंबर_७

ह्यांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. मी नोकरी सांभाळून जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो.

आपला नियम असा: फ्लेवर कृत्रिम असेल, म्हणजे निसर्गात न सापडणारा, तर त्याचं नाव लिहायचं. नैसर्गिक किंवा नेचर आयडेंटिकल असेल तर नुसता वर्ग लिहिला की झालं. नेचर आयडेंटिकल म्हणजे कारखान्यातच केलेलं, पण रेणू निसर्गातल्यासारखाच. उदाहरणार्थ व्हॅनिलिन. ते व्हॅनिलाच्या शेंगेतलं असो की ग्वायाकॉलपासून रिॲक्टरमध्ये केलेलं, रेणू एकच. म्हणून आइस्क्रीमच्या डब्यावर त्याचं नाव येत नाही. इथाइल व्हॅनिलिन निसर्गात नाही, त्याचं नाव लिहावं लागतं. शरीराला दोन्हींत फार फरक आहे म्हणून नियम असा नाही, तो फक्त असा आहे. एका 'मटण फ्लेवर'मध्ये तीस-चाळीस रेणू असू शकतात. कुठले, ते फ्लेवर करणाऱ्या कंपनीचं गुपित. आम्हाला कारखान्यातसुद्धा कळत नाही, आम्हाला एक कोड नंबर आणि ड्रम मिळतो.

सगळीच मोकळीक आहे असं नाही. कुमारिन, सॅफ्रोल, थुजोन, बीटा-असारोन असे काही फ्लेवर आपल्याकडं सरळ बंद आहेत. अमेरिकेनं २०१८ मध्ये सहा कृत्रिम फ्लेवर यादीतून काढले, मिथाइल युजेनॉल, पुलेगोन, मिर्सीन त्यातलेच. प्राण्यांना मोठ्या मात्रेत दिल्यावर कॅन्सर दिसला आणि त्यांचा १९५८ चा कायदा म्हणतो की तसं दिसलं की काढा. पण हेच रेणू तुळशीत, पुदिन्यात, आंब्यात निसर्गतः आहेत, आणि अन्नात घातलं जातं त्या प्रमाणात धोका नाही, हेही त्याच खात्यानं सोबत सांगितलं. युरोपनं २०२४ मध्ये आठ स्मोक फ्लेवरची परवानगी पुढं चालू ठेवली नाही, कारण पेशीतल्या डीएनएला इजेची शंका दूर करता आली नाही. धुराचा वास बाटलीतून येतो हे लोकांना आधी माहीतच नव्हतं.

पुण्यात_अडकलेला

आणि पॉपकॉर्नचं?

बॅच_नंबर_७

ते आम्हा लोकांना विसरता येत नाही. डायअसेटिल, लोण्याचा वास. खरं तर लोण्यात असतंच. २००० साली अमेरिकेत मिझुरीतल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यात आधी काम केलेल्या आठ जणांना फुप्फुसाचा एक दुर्मिळ रोग झाल्याचं उघड झालं, बारीक श्वासनलिका कायमच्या आखडतात. पॉपकॉर्न खाऊन नव्हे, तर मिक्सिंग टाकीवर वाकून गरम वाफ रोज हुंगून. खाणाऱ्याचा धागा निघतो, ड्रम उघडणाऱ्याचा निघत नाही. मी मास्क लावतो. आमच्या लाइनवरची काही पोरं लावत नाहीत, "उकडतंय" म्हणतात.

कटवडा

हे वाचून पहिल्यांदा गप्प बसलो.

फुल्ल_नाद

मग २०१५ ला मॅगी बंद का केली हुती? आजिनोमोटोमुळंच नव्हं?

बॅच_नंबर_७

दोन गोष्टी होत्या, भावा. शिसं मर्यादेपेक्षा जास्त सापडल्याचा दावा, आणि पाकिटावर 'नो ॲडेड एमएसजी' लिहिलेलं असताना ग्लुटामेट मिळणं. जूनमध्ये बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि पुन्हा तपासण्या करायला लावल्या. पण त्यातनं एक गोष्ट पुढं आली. ग्लुटामेट कांद्या-टोमॅटोतून आपोआप आलंय की पिशवीतून टाकलंय, हे प्रयोगशाळेत सांगता येत नाही. म्हणून मार्च २०१६ मध्ये एफएसएसएआयनं (आपल्याकडच्या अन्नसुरक्षा संस्थेनं) आपल्या अधिकाऱ्यांना कळवलं, की नुसतं सापडलं म्हणून खटला भरू नका, कारखान्यात जाऊन एमएसजी खरंच वापरलंय का ते बघा. म्हणजे त्या तीन इंग्रजी शब्दांची खातरजमा फक्त गोदामात होते.

बावडेकर_गूळ

चवीवर एवढं लिहिताय, तर गुळातल्या हायड्रॉसवर पण लिहा. पिवळाधमक गूळ पाहिजे म्हणून गिऱ्हाईक हट्ट धरतं आणि गुऱ्हाळवाला घालतो. पूर्वी नुसत्या भेंडीच्या चिकानं मळी काढायचे, गूळ काळपट व्हायचा, पण…

संपादक_मंडळ

बावडेकर, विषय चांगला आहे, पण हायड्रॉस रंगासाठी, हा धागा चवीचा. गुळाला स्वतंत्र धागा काढा, आम्ही पहिल्या पानावर ठेवू.

जुनी_चटणी

पोरी, मी सत्तर ओलांडलेली. एवढी रसायनं मला कळत न्हाईत. पण तुमच्या त्या सुनेनं एक गोष्ट सांगितली न्हाई. सासूच्या रश्श्यात ह्यावेळी हाडकं हुती का? का बोनलेस आणलंवतं?

पेठेतली_सून

आज्जी… बोनलेस. मुलीला हाडं आवडत नाहीत म्हणून. आणि चटणी बाहेरची, विकतची. घरची संपली.

जुनी_चटणी

मग त्यो रस्सा कसला? आधी हाडकांसकट मटण हळद-मीठ-आलं-लसूण लावून मंद आचेवर शिजवायचं. ते आळणी पाणी. त्यातलं निम्मं पांढऱ्याला, निम्मं तांबड्याला. पोरं आधी आळणीच पितात. आळणी पाण्याशिवाय तांबडा म्हंजे लाल पाणी. तुझ्या सासूला हे ठावं असणार, पण ऑपरेशन झालेलं, बसून केलं असंल बिचारीनं.

बॅच_नंबर_७

आज्जींनी अख्खी फूड टेक्नॉलॉजी चार ओळींत सांगितली. बोकड कापल्यावर स्नायूतलं एटीपी (पेशीचं इंधन) मोडून इनोसिनेट होतं, म्हणजे आपलं ६३१. ते हाडा-मांसातून आळणी पाण्यात उतरतं. भाजलेला कांदा, लसूण, टोमॅटो यातून ग्लुटामेट येतं. दोन्ही एका पातेल्यात आली की कुनिनाकांचं गणित आपोआप सुटतं. कंपनी हीच जोडी पिशव्यांतून आणते, कारण हाडं तीन तास उकळण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं.

रंकाळाकाठ

यात आणखी एक गोष्ट येते. २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना दवाखान्यातच ठेवून दोन आठवडे कारखान्यातलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. साखर, मीठ, चरबी, तंतू दोन्हीकडं जुळवलेले, हवं तेवढं खा. प्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत साधारण एक किलो वजन वाढलं. नेमकं का, यावर वाद आहेत. पण जीभ "मटण आलं" म्हणते आणि पोटात येतं माल्टोडेक्स्ट्रिन, तर पोटानं कशावरून थांबावं?

पेठेतली_सून

दोन आठवड्यांनी परत आलो. घरात प्रयोग केला, शास्त्रीय वगैरे काही नाही.

तीन पातेली. पहिल्यात हाडांचं आळणी पाणी आणि चटणी. चटणी माहेराहून मागवली, घरची, डंकावरची. दुसऱ्यात नुसतं पाणी आणि पाकीट. तिसऱ्यात नुसतं पाणी, माहेरची चटणी, भाजलेला कांदा-खोबरं आणि वोक_भाऊंच्या सल्ल्यानं लक्ष्मीपुरीतून आणलेलं आजिनोमोटो, दोन चिमूट. रंग तिन्हींचा सारखा यावा म्हणून कट वरून सोडला. वाट्यांखाली खडूनं खुणा. चाखणारे चौघे: सासूबाई, हे, लेक आणि शेजारच्या काकी.

लेकीनं पाकीट उचललं. चुकलीच नाही, नाकानं ओळखलं, वाटी तोंडाला लावायच्या आधी.

ह्यांनी तिसरी वाटी उचलून छातीठोकपणे सांगितलं, "हाच आईचा." त्यात मटण नव्हतंच. तेव्हापासून ते या विषयावर बोलत नाहीत.

काकी म्हणाल्या, सगळे चांगले आहेत. काकींना मत द्यायला लावणं ही माझी चूक.

सासूबाईंनी पाकिटाची वाटी दोनदा हुंगली, एक घोट घेतला आणि थांबल्या. म्हणाल्या, "वास आधी येतो, मग माणूस आत जाऊन बघतं तर घरात कोणी नाही." पहिली वाटी त्यांनी ओळखली, पण मटण कमी शिजलंय असंही सांगितलं. ते खरं होतं. कुकरच्या दोन शिट्ट्या मी चुकवल्या होत्या.

एक गोष्ट मी मोजली. पाकिटाची वाटी पूर्ण प्यायलेली एकटी लेक, आणि त्या रात्री ती तीनदा पाण्याला उठली.

आता घरात असं ठरलंय. पाकीट पूर्ण बंद केलेलं नाही, बुधवारी मला जमतच नाही. त्या दिवशी निम्मं पाकीट आणि वरून मीठ अजिबात नाही, त्याऐवजी भाजलेला कांदा आणि टोमॅटो जास्त. रविवारी हाडांसकट. लेकीला आधी आळणी वाटी द्यायची, तिखट नंतर. पहिल्या रविवारी तिनं नाक मुरडलं, दुसऱ्या रविवारी अर्धी वाटी गेली. आजिनोमोटोची पुडी अजून डब्यात आहे. टाकून द्यावी असं आता वाटत नाही, पण हात पण जात नाही.

अडचण चटणीची. माहेरची बरणी संपत आली. संकेश्वरी आणि ब्याडगी मिळून पाच किलो मिरची आणायचा विचार आहे. पावसाळ्यात एवढा लहान घाणा कोणाचा डंक घेईल का? मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, कुठंही चालेल.

फुल्ल_नाद

वैनी, दाजींना सांगा, मीबी तिसरीच वाटी उचलली असती. फॉरवर्ड डिलीट मारला.

वोक_भाऊ

पुडी कोरडी ठेवा, गोळा होते पावसात.

जुनी_चटणी

पावसात मिरची सादळती, डंकावर न्हेऊ नको. कांडली तरी बुरशी धरंल, मग पाच किलो मिरची वाया. दसरा होऊ दे, ऊन पडू दे, मग वाळवून न्हे. तवर माझ्याकडची किलोभर घेऊन जा, औंदा जास्तच झालीय. सासूला पण आण, रिक्षानं. अन् बरणी तुझी आण. माझ्या बरण्या लोकं घेऊन जात्यात अन् परत आणत न्हाईत.